परदेशातून घरसामान पुण्यात आणताना: कस्टमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात बसून परतणाऱ्या कुटुंबांच्या सामानाचे कागद बघतो. बाणेर-वाकडकडची आयटीतली मंडळी, आखातातून निवृत्त होऊन हडपसरला फ्लॅट घेतलेले काका, ब्रिटनमधून वर्षाची पदवी घेऊन कोथरूडला घरी येणारी मुलं, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कस्टम किती लागेल? आमचं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. कस्टमचा आकडा सहसा आधी मांडता येतो. खिसा फाटतो तो उशिरामुळे, आणि उशीर होतो तो तिकडे पॅकिंगच्या दिवशी घाईत खरडलेल्या कागदामुळे.

एजंट ‘कस्टमचं बिल’ म्हणून जो आकडा सांगतो, त्यात नेमकं काय असतं?

तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाणारे पैसे असतात आणि तिन्हींना सर्रास ‘कस्टम’ म्हटलं जातं. पहिला भाग सरकारचा: सीमाशुल्क आणि त्यावरचा समाजकल्याण अधिभार. याचं चलन निघतं, त्यावर तुमचं नाव असतं आणि पैसे सरकारी खात्यात जातात. बॅगेज म्हणून, म्हणजे प्रवाशाचं स्वतःचं सामान म्हणून, आलेल्या वस्तूंवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागत नाही, त्यामुळे चलनात ती ओळ दिसली तर तुमचं सामान बॅगेज म्हणून धरलंच गेलेलं नाही असं समजा आणि लगेच विचारा.

दुसरा भाग बंदराचा आणि जहाज कंपनीचा: टर्मिनल हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डरचे (सामान तुमच्या हवाली करायच्या जहाज कंपनीच्या पत्राचे) पैसे, कंटेनर फ्रेट स्टेशनातली, म्हणजे बंदराजवळच्या कस्टम गोदामातली उतराई, तपासणीसाठी खोकी उघडून परत बांधायची मजुरी आणि मुदत ओलांडली तर गोदामभाडं. तिसरा भाग कस्टम ब्रोकरची, म्हणजे तुमच्या वतीनं कस्टमचं काम करणाऱ्या एजंटची फी आणि पुण्यापर्यंतची वाहतूक. दुसरा आणि तिसरा भाग सेवा आहेत, म्हणून त्यांवर जीएसटी लागतो. तो योग्यच असतो. त्यावरून एजंटशी भांडू नका.

परदेशातल्या पॅकर्स कंपनीनं ‘दारापासून दारापर्यंत, सगळं धरून’ असा दर दिला असेल तर एकच प्रश्न लेखी विचारा: भारतातलं टर्मिनल हाताळणी शुल्क आणि डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे यात आहेत का? बहुतेक कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात ते वगळलेले असतात. सामान न्हावाशेवाला उतरल्यावर हे कळलं तर घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

सामान विमानात आमच्याबरोबर आणलं आणि मागून बोटीनं आणलं, यात कस्टमच्या दृष्टीनं फरक पडतो का?

फार पडतो. बरोबर आणलेल्या सामानाला वापरातल्या वैयक्तिक वस्तूंशिवाय वर एक सर्वसाधारण सूट मिळते. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती ५०,००० रुपये होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या बॅगेज नियमांनी ती भारतात राहणाऱ्या आणि भारतीय वंशाच्या प्रवाशांसाठी ७५,००० केली. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप त्याशिवाय माफ. नवरा-बायकोच्या सुटी एकत्र करून एकच दीड लाखाची वस्तू आणता येत नाही. सूट ज्याची त्याची.

मागून येणाऱ्या सामानाला, म्हणजे अनअकम्पनीड बॅगेजला, ही सर्वसाधारण सूट लागू नाही. तिथे फक्त वापरलेल्या वैयक्तिक वस्तू माफ असतात. बाकी सगळं एकतर ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’च्या सवलतीत (पुढचा प्रश्न बघा) बसवायचं किंवा त्यावर शुल्क भरायचं.

म्हणून आमचा सल्ला बऱ्याच जणांना आमच्याच धंद्याविरुद्ध वाटतो: सामान पाच-सहा खोक्यांपुरतं असेल तर विमान कंपनीला जादा बॅगेचे पैसे द्या आणि बरोबर घेऊन या. बोटीनं आणलेल्या चार खोक्यांवरही डिलिव्हरी ऑर्डर, गोदाम आणि ब्रोकर हे खर्च पूर्णच लागतात.

एखादी बॅग विमान कंपनीनं वाटेत हरवली आणि ती नंतर येणार असेल, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीचा दाखला घ्या आणि त्यावर कस्टमकडून तुमची न वापरलेली सूट नोंदवून घ्या. नंतर मागायला गेलात तर सही मिळणं अवघड.

‘टीआर’ म्हणजे काय, आणि त्यात किती माफ होतं?

टीआर म्हणजे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, परदेशातला मुक्काम हलवून भारतात राहायला येणाऱ्याला वापरलेल्या घरसामानावर मिळणारी सवलत. तुम्ही तिकडे किती काळ राहिलात त्यावर सवलतीची पायरी ठरते. २०१६ च्या नियमांतले आकडे लोकांच्या तोंडात अजून घट्ट बसलेत, म्हणून देतो: तीन ते सहा महिने राहिलात तर ६०,००० रुपये, सहा महिने ते वर्षभर १ लाख, मागच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष राहिलात तर २ लाख, आणि सलग दोन वर्षं किंवा जास्त असेल तर ५ लाख. २०२६ च्या नियमांनी सवलती वाढवल्या आहेत. तुमचे शेजारी दोन वर्षांपूर्वी आले असतील तर त्यांचा आकडा तुम्हाला लागू नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर नियमांचा ताजा तक्ता असतो, तो उघडून स्वतःची पायरी शोधा. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे बॅगेजला दर लागतो तो तुम्ही घोषणापत्र दिलं त्या दिवशीचा. पॅकिंगच्या किंवा जहाज सुटण्याच्या दिवशीचा नाही.

मुक्काम मोजताना मधल्या भारतभेटीही बघतात. दोन वर्षांच्या पायरीसाठी त्या दोन वर्षांतल्या भेटी मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त नसाव्यात अशी २०१६ ची अट होती. कोविडनंतर घरून काम करायच्या नावाखाली औंधला सात-आठ महिने राहून गेलेल्या कित्येकांची पायरी यानंच घसरली. वरच्या दोन पायऱ्यांना आणखी एक अट होती: मागच्या तीन वर्षांत हीच सवलत घेतलेली नसावी.

मुलगी ब्रिटनमध्ये एक वर्षाचं एमएस्सी करून अकरा महिन्यांतच परतते आहे. वर्ष भरलं नाही म्हणून सवलत गेली का?

लगेच हाय खाऊ नका. सवलत जात नाही, पायरी खालची लागते. मुक्कामातली दोन महिन्यांपर्यंतची तूट सहायक किंवा उपायुक्तांनी माफ करायची तरतूद २०१६ च्या नियमांत दोन वर्षांच्या पायरीसाठी होती, वर्षाच्या पायरीसाठी ती धरून चालू नका. पण खरं सांगायचं तर विद्यार्थ्याच्या सामानात पुस्तकं, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि एक राइस कुकर असतो. वापरलेले कपडे आणि पुस्तकं यांवर वाद होतच नाही. कुकर तिकडे ज्युनिअरला देऊन टाकावा.

सवलतीपेक्षा सामान जास्त निघालं तर दर काय?

२०१६ पासून चालत आलेला बॅगेजचा दर ३५ टक्के आहे, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. समजा सवलत संपल्यावर ४०,००० रुपये किमतीचं सामान उरलं, तर शुल्क १४,००० आणि अधिभार १,४००, मिळून १५,४००.

टीव्ही, ३०० लिटरपेक्षा मोठा फ्रिज, डिशवॉशर, डीप फ्रीझर, होम थिएटर अशा वस्तू मात्र २०१६ च्या नियमांत सवलतीच्या रकमेत मुळात धरतच नसत. दोन वर्षांच्या वरच्या मुक्कामाला त्यांवर २०१६ च्या व्यवस्थेत १५ टक्के असा कमी दर ठेवला होता. कस्टमनं ३०,००० किंमत धरलेल्या टीव्हीवर ४,५०० अधिक ४५० असे ४,९५० रुपये पडत. अशी वस्तू प्रत्येक प्रकारची एकच, आणि तीही कुटुंबामागे. कुटुंब म्हणजे एका घरात एकत्र राहणारी सगळी माणसं. नवऱ्याच्या यादीत एक टीव्ही आणि बायकोच्या यादीत दुसरा, ही युक्ती अधिकाऱ्यांनी आपल्या आधी ऐकलेली असते.

अमेरिकेतला फ्रिज, डिशवॉशर, ड्रायर आणूच नका असं आम्ही सांगतो. तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३०. शुल्क भरून, घाट उतरवून आणि परत चढवून आणलेलं यंत्र शेवटी बाल्कनीत झाकून ठेवलेलं आम्ही पाहिलंय.

मुलगा अजून तिकडेच आहे. त्याचं सामान कोथरूडला आमच्या नावावर पाठवलं तर सोडवता येईल का?

बॅगेज म्हणून नाही. बॅगेज हे प्रवाशाचं असतं, आणि परदेशात ते सामान ज्याच्या ताब्यात होतं तोच प्रवासी भारतात आलेला असावा लागतो. आई-बाबा तिकडे राहिलेच नाहीत, तर त्यांच्या नावावरचं सामान साधी आयात ठरतं. टीआर नाही, वापरलेल्या वस्तूंची माफी नाही, वर आयजीएसटी. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी सामान घेतल्याचा जो कागद देते त्यावर) सामान घेणाऱ्याचं नाव मुलाचंच हवं, पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. पत्ता कोथरूडचा चालतो. मुलानं सही केलेलं अधिकारपत्र असेल तर वडील किंवा ब्रोकर कागद नेऊ-आणू शकतात, पण त्याच्या पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का लागतोच.

मग सामान आधी पाठवायचं की आपण आधी यायचं?

तारखांचा नियम साधा आहे. तुम्ही भारतात आल्यापासून एक महिन्याच्या आत सामान तिकडून निघालं पाहिजे. किंवा सामान तुमच्या आधी आलं तर दोन महिन्यांपेक्षा आधी आलेलं नको. आजारपण, नैसर्गिक आपत्ती, वाहतूक बंद पडणं अशा हाताबाहेरच्या कारणांसाठी अधिकारी मुदत वाढवून देऊ शकतात, सामान आधी येण्याच्या बाबतीत कमाल वर्षापर्यंत. ‘तिकडचं घर विकायला वेळ लागला’ हे त्या कारणांत बसवणं कठीण जातं.

दोन महिने आधी चालतं म्हणून लोक निश्चिंत होतात, आणि तिथेच फसतात. कायद्याला दोन महिने चालतात, गोदामाला नाही. तुम्ही येईपर्यंत सामान सुटत नाही आणि भाडं मात्र चालू राहतं. आमच्या मते सर्वांत स्वस्त क्रम असा: पॅकिंग करून घ्या, सामान जहाजावर चढू द्या, पण ते न्हावाशेवाला लागायच्या आठवडाभर आधी तुम्ही पुण्यात पोचलेले असा.

पॅकिंग लिस्ट कशी लिहायची?

या एका कागदावर सगळं अवलंबून आहे आणि नेमका तोच सगळ्यांत वाईट लिहिलेला येतो. पॅकर्सची माणसं खोक्यावर ‘किचन’, ‘मिसलेनियस’, ‘पर्सनल’ लिहून मोकळी होतात. ‘मिसलेनियस’ लिहिलेलं खोकं उघडलं जाणार हे ठरलेलं. आणि एक उघडलं की अधिकाऱ्याचा उरलेल्यांवरचा विश्वास उडतो.

पॅकर्सची यादी त्यांच्या जागी राहू द्या, तुमची स्वतःची यादी करा. खोक्याचा क्रमांक, आत काय, किती नग, किती जुनं, तेव्हाची खरेदी किंमत आणि आजची अंदाजे किंमत. ‘किचन’ऐवजी ‘स्टीलची भांडी वापरलेली, १४ नग, मिक्सर वापरलेला, १ नग’ असं लिहा. इलेक्ट्रॉनिक वस्तू शक्यतो एक-दोन खोक्यांत एकत्र ठेवा आणि त्या खोक्यांचे क्रमांक ठळक करा. तपासणीत तीच आधी उघडतात. सगळं सामान विस्कटण्यापेक्षा ते बरं. मॉडेल आणि सीरिअल नंबर लिहिले तर वस्तूचं वय सिद्ध करणं सोपं जातं.

नवीन, सीलबंद खोक्यातली वस्तू यादीत लपवू नका. भावाच्या लग्नासाठी घेतलेले तीन नवे फोन गादीच्या घडीत गुंडाळले, तर ते स्कॅनरमध्ये दिसतातच, आणि मग प्रश्न शुल्काचा राहत नाही. कायद्याच्या कलम १११ खाली वस्तू जप्त होऊ शकते, वर दंड. शिवाय उरलेली सगळी यादी संशयाच्या नजरेनं तपासली जाते. एकाच प्रकारच्या अनेक नगांकडेही ‘विक्रीसाठी आणलंय का?’ म्हणून पाहतात. आखातातून येताना नात्यातल्या प्रत्येक घरासाठी एक याप्रमाणे बारा परफ्यूमचे सेट आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लाकडी क्रेट वापरणार असाल तर त्यावर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे का ते बघा. कच्च्या लाकडाच्या पेटीतून कीड येते म्हणून शिक्का नसलेली पेटी अडवतात. आतलं सामान कितीही निर्दोष असो.

वापरलेल्या वस्तूची किंमत कोण ठरवतं?

शेवटचा शब्द कस्टम अधिकाऱ्याचा. तुमच्याकडे खरेदीचं बिल असेल तर तो वयाप्रमाणे घसारा धरतो. बिल नसेल तर तशाच वस्तूची बाजारातली किंमत बघून अंदाज करतो. परकीय चलनाचे रुपये करताना कस्टमनं अधिसूचित केलेला दर लागतो, बँकेचा किंवा मोबाइलवर दिसणारा नाही. म्हणून तुमचा हिशेब आणि चलन यांत थोडा फरक येतो. जुने ईमेल शोधून ऑनलाइन खरेदीची बिलं काढा. हे काम तासाभराचं आहे आणि त्यासारखा फायदा दुसऱ्या कशात नाही. पाच वर्षं वापरलेल्या सोफ्याची किंमत ‘एक डॉलर’ लिहिणाऱ्यांनी मात्र अधिकाऱ्याची सहानुभूती पहिल्या ओळीतच गमावलेली असते.

पुण्यात राहूनही न्हावाशेवाला जावंच लागतं का?

पुण्याजवळ दिघी आणि तळेगावला कंटेनर डेपो आहेत, पण ते मुख्यतः कारखान्यांच्या मालासाठी चालतात. बोटीनं आलेलं घरसामान बहुतेक वेळा न्हावाशेवाजवळच्या, उरण भागातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनातच सुटतं. विमानानं मालवाहू म्हणून पाठवलेलं सहसा मुंबईला सहारच्या कार्गो संकुलात. लोहगाव विमानतळावर तुमच्या हातातल्या सामानाचं कस्टम होतं, मागून येणाऱ्या घरसामानाचं नाही.

प्रवाशानं स्वतः हजर राहणं नेहमी सक्तीचं नसतं, अधिकारपत्रावर ब्रोकर काम करतो. तरीही आम्ही एकदा जायला सांगतो. तपासणीच्या वेळी मालक समोर असला की ‘हे काय आहे?’चं उत्तर जागच्या जागी मिळतं, नाहीतर फाइल बाजूला पडते. पुण्याहून द्रुतगती मार्गानं पहाटे निघालात तर घाटातली गर्दी टळते. मूळ पासपोर्ट घेऊन जा, जुना रद्द झालेला असेल तर तोही. आता बऱ्याच देशांत विमानतळावर शिक्का मारत नाहीत, त्यामुळे रेसिडेन्स परमिट, कंपनीचं पत्र, विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास यांपैकी मुक्काम सिद्ध करणारे जे असतील ते जोडा.

ब्रोकर परवानाधारक आहे का ते विचारायला लाजू नका. कस्टम ब्रोकरना २०१८ च्या नियमावलीखाली परवाना मिळतो आणि त्याचा क्रमांक असतो. वेळ आणि चिकाटी असेल तर तुम्ही स्वतःचं बॅगेज स्वतःही सोडवू शकता, कायदा आडवा येत नाही.

डेमरेजचा, म्हणजे मुदतीनंतरच्या गोदामभाड्याचा, एवढा बाऊ का करतात?

कारण तो दिवसागणिक वाढतो आणि दर आठवड्याला चढत्या पायरीनं वाढतो. सुरुवातीचे काही दिवस मोफत असतात, किती ते त्या-त्या गोदामावर. पूर्ण कंटेनर घेतला असेल तर गोदामभाड्याशिवाय जहाज कंपनी तिच्या कंटेनरचं वेगळं भाडं लावते. उतरल्यापासून तीस दिवसांत सामान सोडवलं नाही तर कलम ४८ प्रमाणे नोटीस देऊन ते लिलावात काढता येतं. प्रत्यक्षात इतक्या लगेच होत नाही, पण तोवर भाडंच सामानाच्या किमतीला पोचलेलं असतं.

उशिराची सगळ्यांत ठरलेली दोन कारणं. एक, मूळ बिल ऑफ लेडिंग तिकडेच राहिलं आणि कुरिअरची वाट बघत बसावं लागलं. निघतानाच पॅकर्सकडून मूळ बीएल जमा करून ‘टेलेक्स रिलीज’ करून घ्या, म्हणजे इकडे कागदाशिवाय डिलिव्हरी ऑर्डर निघते. दुसरं जास्त त्रासाचं: तिकडच्या पॅकरनं मधल्या फॉरवर्डरचे, म्हणजे जहाजावर जागा घेऊन माल पाठवणाऱ्या कंपनीचे, पैसे थकवलेले असतात आणि इकडचा एजंट सामान अडवून धरतो. तुम्ही पूर्ण पैसे दिलेत याची पावती अशा वेळी उपयोगी पडते, पण तोडगा निघेपर्यंत भाडं तुमच्याच नावावर चढतं. सगळ्यांत स्वस्त कोटेशन घेण्याआधी याचा विचार करा. सामान कस्टमनंच अडवून ठेवलं आणि चूक तुमची नव्हती असं ठरलं, तर तेवढ्या काळाचं गोदामभाडं माफ व्हावं म्हणून कस्टमकडून तसा दाखला मागता येतो.

काय भरूच नये?

सोनं, दागिने, रोकड, महत्त्वाची मूळ कागदपत्रं. वर्षभराहून जास्त परदेशात राहिलेल्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत दागिने शुल्काविना आणता येतात, पण ते अंगावर किंवा हातातल्या बॅगेत. इथून नेलेले आजीचे पाटल्या-तोडे परत आणायचे असतील, तर खरं तर जातानाच भारतीय कस्टमकडून निर्यात दाखला घ्यायला हवा होता. पुढच्या वेळी तरी घ्या. दारूच्या बाटल्या नकोत. ड्रोन नको, त्याची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्यानं बंद. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय नको. बिया, कंद, कुंडीतली माती, मसाल्यांची उघडी पाकिटं नकोत.

आणि गाडी?

कायद्यातल्या बॅगेजच्या व्याख्येतूनच मोटारगाडी वगळलेली आहे, म्हणून टीआरचा तिला काही उपयोग नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या स्टिअरिंगची हवी, आणि सगळे कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त भरायची तयारी हवी. विका आणि या.

एकच खोकं कुरिअरनं किंवा पोस्टानं पाठवलं, ‘गिफ्ट’ म्हणून लिहिलं, तर?

ती पळवाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून शुल्कमाफीत वस्तू येत नाही. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर शुल्क भरून ती आणता येते. त्यासाठी आयात-निर्यात कोडची गरज नाही, आधार किंवा पासपोर्टसारखं केवायसी पुरतं. अशा वस्तूंवरचं मूळ शुल्क २०२६ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं, पण इथे आयजीएसटी वेगळा लागतो. कुरिअर कंपनी तुमच्या वतीनं शुल्क भरते आणि त्याबद्दल स्वतःची फी लावते. बिलात या दोन ओळी वेगळ्या आहेत का ते बघा.

कस्टममधून फोन आला की पार्सल अडकलंय, लगेच पैसे पाठवा. खरं असेल का?

नाही. कस्टम अधिकारी कुणाच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयवर किंवा वॉलेटवर पैसे मागत नाहीत. शुल्क चलनानं भरलं जातं. नोव्हेंबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर ‘डिन’ हा दस्तऐवज क्रमांक असतो आणि तो खरा आहे की खोटा हे मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. परदेशातल्या ‘मित्रानं’ पाठवलेल्या पेटीत डॉलर सापडलेत, आता अटक होईल, व्हिडिओ कॉलवरून हलू नका, असं सांगणारा माणूस भामटा असतो. फोन ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. घरात एकटे राहणारे आई-वडील असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. ज्यांचं सामान खरोखरच वाटेत आहे ते लवकर फसतात, कारण फोन अपेक्षितच असतो.

शुल्काचा आकडा पटला नाही तर दाद कुठे मागायची?

तोंडी वादात वेळ घालवू नका, लेखी आदेश मागा. आदेश मिळाल्यापासून साठ दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे कलम १२८ खाली अपील करता येतं. बॅगेजच्या बाबतीत त्यापुढची पायरी न्यायाधिकरण नसून केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज ही आहे, त्याला तीन महिने. सामान सोडवायची घाई असेल तर ‘निषेध नोंदवून’ शुल्क भरा, माल घरी आणा आणि मग भांडा. टीव्हीवरच्या पाच हजारांच्या शुल्कासाठी आम्ही कुणालाही अपिलाच्या वाटेला लावत नाही. सगळी टीआर सवलतच नाकारली असेल तर मात्र नक्की जा, आणि मुक्कामाचे पुरावे व्यवस्थित लावून जा.

सामान सुटलं. आता पुण्यात घरपोच येताना काय बघायचं?

शहरात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे मोठा ट्रक अनेकदा बाहेर थांबतो आणि सामान छोट्या टेम्पोत उतरवावं लागतं. सदाशिव-नारायण पेठेतल्या गल्लीत राहत असाल तर हा दुसरा टेम्पो दरात धरलाय का ते आधीच विचारा. सोसायटीकडून लिफ्टची परवानगी आणि वेळ घेऊन ठेवा. काही ठिकाणी रविवारी सामान चढवू देत नाहीत आणि ट्रक थांबून राहिल्याचे पैसे तुम्हालाच पडतात. खोकी मोजून, यादीशी ताडून घ्या. ज्याचा टेप कस्टम तपासणीनंतर बदललेला दिसतो ते ड्रायव्हरसमोर उघडा. काही फुटलं किंवा कमी असेल तर डिलिव्हरीच्या पावतीवर तिथल्या तिथे लिहा, फोटो काढा आणि मगच सही करा. ‘सामान नीट मिळालं’ अशी कोरी सही गेल्यावर विमा कंपनी दावा मान्य करायला फार खळखळ करते.